बंद न पडलेलं बटण : सेंट पीटर्सबर्ग २०२४ आणि टीम पेन्स्की

२१ एप्रिल २०२४, रविवारची सकाळ. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराच्या रस्त्यांवर इंडीकार या अमेरिकी मोटर शर्यतींच्या मालिकेच्या गाड्या मुख्य शर्यतीआधीचा वॉर्म-अप करत होत्या. या सरावात फारसं काही घडत नाही. ब्रेक, टायर आणि रेडिओ तपासायचे आणि परत यायचं. त्या दिवशी मात्र रेस कंट्रोलकडून, म्हणजे शर्यतीच्या नियंत्रण कक्षाकडून, गाड्यांना जाणारा एक इलेक्ट्रॉनिक संदेश बिघाडामुळे पोहोचलाच नाही, आणि मैदानातल्या सगळ्या गाड्यांचं ‘पुश-टू-पास’, म्हणजे इंजिनाला थोडा वेळ जादा ताकद देणारं बटण, बंद पडलं. अपवाद फक्त तीन गाड्यांचा : क्रमांक २, ३ आणि १२. तिन्ही टीम पेन्स्की या संघाच्या. त्यांच्या चालकांनी बटण दाबलं की जादा ताकद मिळत होती.

या प्रकरणाचा गाभा एवढाच आहे. नियमभंग तपासणीत सापडला नाही. तपासणारी यंत्रणा स्वतः बंद पडली म्हणून तो उघड झाला. अधिकाऱ्यांनी मग मागची माहिती उघडली आणि सहा आठवड्यांपूर्वीच्या, १० मार्चच्या फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग शर्यतीचा निकाल बदलावा लागला.

बटण करतं काय

इंडीकारमध्ये सगळ्यांची चासी (गाडीचा सांगाडा) एकच, दलाराची डीडब्ल्यू-१२. ती २०१२ पासून धावते आहे. इंजिनं दोन कंपन्यांची, होंडा आणि शेव्हरले. दोन्ही २.२ लिटरची, सहा सिलिंडरची, दोन टर्बोची, आणि इंजिनाच्या फिरण्याची मर्यादा मिनिटाला १२,००० फेरे. इंजिनाची ताकद मुख्यतः टर्बोच्या बूस्टवर, म्हणजे इंजिनात ढकललेल्या हवेच्या दाबावर, ठरते आणि बूस्टचा आकडा मालिकाच ठरवून देते. रस्त्यावरच्या आणि वळणदार सर्किटवर तो १५० किलोपास्कल असतो. पुश-टू-पासचं बटण दाबलं की इंजिनाचा संगणक ही मर्यादा १६५ वर नेतो. वेस्टगेट (टर्बोकडे जाणारा वायू बाजूला सोडणारी झडप) थोडा जास्त वेळ बंद राहतो, टर्बो साधारण १० टक्के जास्त हवा ढकलतो, त्या मापात इंधन वाढतं आणि सुमारे ६० अश्वशक्ती जादा मिळते.

फॉर्म्युला वनच्या डीआरएसची (मागचा पंख उघडून वेग वाढवणाऱ्या यंत्रणेची) सवय असलेल्यांनी इथे एक फरक ध्यानात घ्यावा. डीआरएस वापरायला पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असावं लागायचं आणि पुढच्याला ते वापरता येत नसे. पुश-टू-पासला अंतराची अट नाही. मागचा हल्ल्यासाठी दाबतो, पुढचा बचावासाठी दाबतो. प्रत्येकाला शर्यतीसाठी ठराविक सेकंदांची शिदोरी मिळते, सर्किटनुसार साधारण १५० ते २०० सेकंद, आणि एका वेळी किती सेकंद वापरायचे यालाही मर्यादा असते. पूर्वी बटण किती वेळा दाबायचं हे ठरलेलं असे. सेकंद मोजायची पद्धत आल्यावर चालक अर्धा-एक सेकंदही जपून खर्च करू लागले.

यात एक अपवाद होता आणि सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. शर्यत सुरू होताना, किंवा पिवळ्या झेंड्यानंतर (धोक्यामुळे ओलांडायला मनाई असते तो टप्पा) हिरवा झेंडा पडून रीस्टार्ट होताना, बटण चालत नसे. गाडीने सर्किटवरची पर्यायी सुरुवात-समाप्ती रेषा ओलांडली की ते चालू होई. कारण उघड आहे. रीस्टार्टला पंचवीसहून जास्त गाड्या एकमेकींच्या शेपटाला चिकटून पहिल्या वळणाकडे सुटतात. तिथे काहींच्या गाडीला अचानक ६० अश्वशक्ती जास्त मिळाली, तर गाड्या एकमेकींवर आदळतील.

हा अपवाद अमलात आणण्याचं काम चालकाच्या प्रामाणिकपणावर सोडलेलं नव्हतं. रेस कंट्रोल ‘आता परवानगी आहे’ असा संदेश प्रसारित करतं. गाडीतला केंद्रीय लॉगर (माहिती नोंदवणारं उपकरण) तो पकडतो आणि गाडीच्या आतल्या डेटा-वाहिनीवर टाकतो. इंजिनाचा संगणक दोन गोष्टी पाहतो : परवानगी आहे का, आणि बटण दाबलंय का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच बूस्ट वाढतो. परवानगी नसताना चालकाने अंगठा मोडेपर्यंत बटण दाबलं, तरी काहीही घडत नाही. त्यामुळे बहुतेक चालक रीस्टार्टला सवयीने आधीच बटण दाबून धरतात. रेषा ओलांडताक्षणी ताकद यावी, एवढाच हेतू.

पेन्स्कीच्या तीन गाड्यांमध्ये साखळीतला ‘परवानगी आहे का’ हा प्रश्नच निकालात काढला गेला होता. गाडीवरच्या सॉफ्टवेअरमुळे उत्तर कायम ‘हो’ मिळत होतं. रेस कंट्रोलचा संदेश ठीक असेपर्यंत हे दिसायला मार्ग नव्हता, कारण शर्यतीच्या बहुतेक काळात सगळ्यांनाच परवानगी असते. लाँग बीचला संदेशच मेला. प्रामाणिक गाड्यांचं बटण बंद पडलं आणि या तिघींचं चालू राहिलं.

१० मार्चची शर्यत

सेंट पीटर्सबर्गचं सर्किट फ्लोरिडातल्या टँपा बेच्या काठावर आहे. लांबी १.८ मैल, वळणं १४. एक भाग शहराच्या रस्त्यांचा, दुसरा छोट्या अल्बर्ट व्हिटेड विमानतळाच्या धावपट्टीचा. सुरुवात-समाप्तीची सरळ रेषा धावपट्टीवरच आहे. पट्टी रुंद आहे आणि तिच्या टोकाला घट्ट पहिलं वळण येतं. हंगामाची पहिली शर्यत, १०० फेऱ्यांची.

पेन्स्कीच्या जोसेफ न्यूगार्डनने पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, सुरुवात केली, १०० पैकी ९२ फेऱ्या आघाडीवर राहिला आणि सुमारे ८ सेकंदांच्या फरकाने जिंकला. दुसरा ॲरो मॅकलॅरेन संघाचा पाटो ओवॉर्ड, तिसरा स्कॉट मॅक्लॉफलिन, चौथा विल पॉवर. पहिल्या चारांत पेन्स्कीचे तीन. त्या दिवशी कुणाला काही खटकलं नाही. पेन्स्कीचं असं वर्चस्व नवीन नव्हतं, आणि ८ सेकंदांचा फरक पाहून कुणी सॉफ्टवेअरवर संशय घेत नाही.

लाँग बीचनंतर जुनी नोंद तपासली तेव्हा तिघांचे तीन वेगळे आकडे निघाले. न्यूगार्डनने मनाई असलेल्या टप्प्यात तीन वेळा बटण वापरलं होतं, एकूण ९ सेकंद. मॅक्लॉफलिनने एकदाच, १.९ सेकंद. पॉवरने एकदाही नाही. सॉफ्टवेअर मात्र तिघांच्या गाडीत होतं.

९ सेकंदांत किती मीटर?

‘शंभर फेऱ्यांत ९ सेकंदांनी काय फरक पडतो’ असा सूर तेव्हा बऱ्याच ठिकाणी लागला होता. कच्चं गणित मांडलं तर तो टिकत नाही.

६० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ४५ किलोवॅट. गाडी, चालक आणि इंधन मिळून ९०० किलो धरू. ताशी २०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर वेगाला ही जादा ताकद चाकांपाशी सुमारे ८०० न्यूटनचा जादा रेटा देते. त्यातून त्वरण वाढतं सेकंदाला साधारण ०.९ मीटर प्रति सेकंद. तीन सेकंद दाबून धरलं तर गाडी, नाहीतर जिथे असती त्याच्या सुमारे ४ मीटर पुढे असते आणि तिचा वेग ताशी जवळपास १० किलोमीटर जास्त असतो. इंडीकारची गाडी पाच मीटरहून थोडी लांब. म्हणजे एका दाबात गाडीच्या लांबीचा तीन-चतुर्थांश हिस्सा.

रीस्टार्टला ही लांबी म्हणजे सोनं. पुढच्याच्या मागे चिकटून असलेली गाडी हवेच्या सावलीत असते. सरळ रेषेच्या शेवटी ती बाजूला निघून आत घुसायचा प्रयत्न करते. आघाडीवरच्याने पहिल्या तीन सेकंदांत चार मीटर काढले तर मागचा सावलीतून बाहेर पडतो आणि ब्रेकिंगच्या जागी त्याचं नाक पुढच्याच्या मागच्या चाकापर्यंतही पोहोचत नाही. पुढच्याला इथे बचावाची रेषा धरावी लागत नाही. तो वळणात रुंद मार्गाने शिरतो, बाहेर लवकर पूर्ण थ्रॉटल देतो, आणि पुढच्या सरळ रेषेवर आणखी अंतर वाढवतो. मागच्याला बटण नसल्यामुळे प्रत्युत्तर देता येत नाही. सामान्य वेळी दोघांकडे बटण असल्याने हा फायदा बराचसा कटून जातो.

उलट बाजूही सांगायला हवी. दुसऱ्या गियरमध्ये, थंड टायरवर जादा ताकद मिळाली तर मागची चाकं फिरून जातात आणि काहीच पदरात पडत नाही. मॅक्लॉफलिनच्या १.९ सेकंदांत याच हिशेबाने सुमारे दीड मीटर निघतो, तोही मागची चाकं धरून असतील तरच. आपण सवयीने एकदा दाबलं, त्यातून काहीही मिळालं नाही, हे त्याचं म्हणणं या गणिताला सोडून नाही. न्यूगार्डनच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. तो कदाचित बटण न दाबताही जिंकला असता. पण रीस्टार्टला त्याच्याकडे जादा ताकद होती आणि प्रतिस्पर्ध्यांकडे नव्हती.

कोड आला कुठून

पेन्स्कीने दिलेलं कारण असं : ऑगस्ट २०२३ मध्ये इंडीकारच्या नव्या हायब्रिड प्रणालीची चाचणी चालली होती. चाचणीत रेस कंट्रोलची परवानगी वगैरे नसते आणि बटण सतत चालू असावं लागतं. त्यासाठी घातलेला कोड नजरचुकीने २०२४ च्या गाड्यांमध्ये तसाच राहिला. संघाच्या अंतर्गत चौकशीत दुष्ट हेतू आढळला नाही, असंही सांगण्यात आलं.

रेसिंग संघांत सॉफ्टवेअर कसं हलतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या स्पष्टीकरणाचा पहिला भाग पटेल. लॉगर किंवा डॅशची (चालकासमोरच्या पडद्याची) कॉन्फिगरेशन फाइल कुणी कोऱ्या पानावर लिहीत नाही. मागच्या ठिकाणची फाइल उचलायची, नाव बदलायचं, सेन्सरचे आकडे दुरुस्त करायचे. तीन गाड्यांचा संघ असेल तर एक मूळ फाइल तिघांकडे जाते. चाचणीतला ‘तात्पुरता’ बदल मूळ फाइलमध्ये शिरला की तो तिन्ही गाड्यांत जाणार, आणि झालंही तसंच. पॉवरने बटण न वापरताही त्याच्या गाडीत तो सापडला यावरून हेच दिसतं. फसवणूक ठरवून करायची असती तर ती एका गाडीत, फार तर एका चालकाला सांगून केली असती.

दुसरा भाग पचायला जड जातो. शर्यत संपल्यावर डेटा अभियंते बूस्ट, थ्रॉटल, बटण आणि वेग यांच्या रेषा फेरीनिहाय पाहतात. त्यांचं कामच ते. रीस्टार्टच्या फेरीत पर्यायी रेषेच्या आधी बूस्ट १५० वरून १६५ वर गेलेला दिसतो, तो झाकता येत नाही. १० मार्च ते २१ एप्रिल असे ४२ दिवस गेले. तेवढ्यात हे कुणीच पाहिलं नाही, की पाहूनही त्याचा अर्थ कुणाला लागला नाही? फाइल चुकून राहिली हे समजू शकतं. चूक इतके दिवस नजरेआड राहिली, याचं समाधानकारक उत्तर कधी मिळालं नाही.

बेंचवर पाच मिनिटांत होणारी एक चाचणी हे सगळं टाळू शकली असती. परवानगीचा संदेश बंद ठेवायचा, बटण दाबायचं, आणि इंजिन संगणकाचं बूस्टचं लक्ष्य १५० वरच राहतं ना हे बघायचं. बहुतेक संघ उलट चाचणी करतात : परवानगी द्या, बटण दाबा, १६५ येतं का पाहा. आपल्याला हवं ते चालतंय ना, हे सगळे तपासतात. नको तेव्हा ते बंद राहतंय ना, हे फार थोडे तपासतात. मालिकेच्या तांत्रिक तपासणीचाही तोच दोष होता. वजन, पंखाचा कोन, जमिनीपासूनची उंची, हे सगळं साच्यात बसवून मोजलं जायचं. लॉगरमधली फाइल मूळ प्रमाण फाइलशी ताडून कुणी पाहत नव्हतं. दर वॉर्म-अपमध्ये दोन मिनिटं मुद्दाम संदेश बंद करून कोणत्या गाडीचा बूस्ट तरीही वाढतो हे पाहिलं असतं, तर सेंट पीटर्सबर्गलाच सापडलं असतं. लाँग बीचला तीच चाचणी अपघाताने झाली.

तीन चालक

न्यूगार्डन टेनेसीचा, इंडीकार मालिकेचा २०१७ आणि २०१९ चा विजेता आणि २०२३ ची इंडियानापोलिस ५०० जिंकलेला. २६ एप्रिलला अलाबामातल्या बार्बर सर्किटवर तो पत्रकारांसमोर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रीस्टार्टला बटण वापरायचा नियम बदलला आहे, अशी आपली पक्की समजूत झाली होती, असं त्याने सांगितलं. पुरावा म्हणून त्याने लाँग बीचचंच उदाहरण दिलं. तिथे शर्यतीआधी सॉफ्टवेअर दुरुस्त झालं होतं, तरी आपण रीस्टार्टला बटण दाबलं, कारण ते चालतं असंच आपल्याला वाटत होतं.

हे खरं असू शकतं. पण त्याच्याच संघातल्या दोघांची अशी समजूत नव्हती. तीन चालक, एक संघ, एक मूळ फाइल, आणि नियमाची समजूत मात्र वेगवेगळी. पुश-टू-पासचा वापर हा शर्यतीआधीच्या बैठकीतला नेहमीचा विषय असतो. त्यामुळे हा गैरसमज एकट्याच्या डोक्यात राहिला कसा, हा प्रश्न प्रतिस्पर्धी चालकांनी विचारला, आणि तो रास्त होता.

पॉवरची अवस्था विचित्र होती. बटण वापरलं नाही, फायदा घेतला नाही, गाडीत काय आहे याची कल्पना नव्हती, तरी शिक्षा झाली. इंडीकारचा नियम गाडीला लागतो, हेतूला नाही. ते बरोबरच आहे. नाहीतर प्रत्येक संघ ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटेल.

शिक्षा

२४ एप्रिलला निर्णय आला. न्यूगार्डन आणि मॅक्लॉफलिन बाद. पॉवरचे १० गुण कापले. तिन्ही गाड्यांना प्रत्येकी २५ हजार डॉलरचा दंड आणि त्या शर्यतीची बक्षिसाची रक्कम जप्त. ओवॉर्ड विजेता ठरला, पॉवर दुसरा आणि कोल्टन हर्टा तिसरा. गुणतक्त्यात न्यूगार्डन पहिल्या क्रमांकावरून ११ व्या क्रमांकावर घसरला. मधल्या काळात थर्मल क्लबची प्रदर्शनी शर्यत सोडली तर गुणांची शर्यत झालेली नव्हती, म्हणून नुकसान एकाच निकालापुरतं राहिलं.

पेन्स्कीच्या बाबतीत निकाल असा उलटण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. १९८१ ची इंडियानापोलिस ५०० बॉबी अन्सरने पेन्स्कीच्या गाडीतून जिंकली. पिवळ्या झेंड्याखाली गाड्या ओलांडल्या म्हणून दुसऱ्या दिवशी ती मारियो आंद्रेत्तीला दिली गेली, आणि ऑक्टोबरमध्ये ४० हजार डॉलर दंड लावून अन्सरला परत मिळाली. १९९५ मध्ये पोर्टलंडला अल अन्सर ज्युनियरचा विजय गाडीच्या उंचीवरून काढून घेतला गेला आणि अपिलात तोही परत मिळाला. २०२४ चा निकाल मात्र बदलला तो बदललाच.

मालिकेची शिक्षा एवढ्यावर थांबली. संघाची शिक्षा नंतर आली. ७ मे रोजी संघमालक रॉजर पेन्स्की यांनी संघाचे अध्यक्ष टिम सिंड्रिक, व्यवस्थापकीय संचालक रॉन रुझेव्हस्की आणि दोन अभियंत्यांना दोन शर्यतींसाठी निलंबित केलं. त्या दोनांतली एक इंडियानापोलिस ५०० होती. वर्षभर ज्या शर्यतीची तयारी चालते, नेमकी तीच.

मालिकेच्या मानाने संघमालक जास्त कठोर निघाला. त्याला कारण होतं.

पंच, मैदान आणि संघ एकाच खिशात

रॉजर पेन्स्की यांच्या कंपनीने २०१९ च्या अखेरीस इंडियानापोलिस मोटर स्पीडवे आणि इंडीकार मालिका विकत घेण्याचा करार केला आणि जानेवारी २०२० मध्ये व्यवहार पूर्ण झाला. म्हणजे नियम बनवणारी संस्था त्यांची, सर्वांत मोठं मैदान त्यांचं, एक संघ त्यांचा. शेव्हरलेची इंजिनं बनवणाऱ्या इल्मोरच्या स्थापनेतही ते होते. खरेदीनंतर त्यांनी संघाच्या पिट भिंतीवर (शर्यतीत संघ जिथून सूचना देतो तिथे) उभं राहून शर्यतीची आखणी करणं सोडलं. मात्र परवानगीचा संदेश पाठवणारे लोक आणि तो संदेश टाळणारी गाडी, दोघांचाही पगार शेवटी एकाच दारातून येतो, ही गोष्ट तेवढ्याने मिटत नाही.

भारतीय वाचकाला यात नवल वाटणार नाही. क्रिकेट मंडळाच्या पदाधिकाऱ्याला आयपीएलचा संघ बाळगू देणारी नियमदुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली, ती याच हितसंबंधांच्या कारणावरून. अमेरिकेत तसं कुणी कोर्टात गेलं नाही. पण लाँग बीचच्या बिघाडानंतर इंडीकारचे तत्कालीन अध्यक्ष जे फ्राय यांनी आपल्याच मालकाचा विजय रद्द केला, हे नोंदवायला हवं. कारवाई दडपायची असती तर संदेश-यंत्रणेतल्या बिघाडाचं कारण देऊन विषय बंद करता आला असता.

त्यानंतरचा महिना

२८ एप्रिलला बार्बरची शर्यत मॅक्लॉफलिनने जिंकली. २६ मे रोजी पावसाने चार तास उशीर झालेली इंडियानापोलिस ५०० न्यूगार्डनने जिंकली. शेवटच्या फेरीत तिसऱ्या वळणाला त्याने ज्याला मागे टाकलं तो पाटो ओवॉर्ड, सेंट पीटर्सबर्गचा विजय ज्याला कागदावर मिळाला होता तोच. फरक ०.३४१७ सेकंदांचा. लंबवर्तुळाकार मैदानांवर तेव्हा पुश-टू-पास नसे, त्यामुळे या विजयाला बटणाचा डाग लागला नाही. सलग दोन वर्षं ही शर्यत जिंकणारा एलियो कास्त्रोनेव्हेसनंतरचा तो पहिला.

आणि ७ जुलैला, ज्या हायब्रिड प्रणालीच्या चाचणीतून तो कोड आला होता, ती प्रणाली मिड-ओहायोला पहिल्यांदा शर्यतीत उतरली. जिंकला ओवॉर्डच. स्कॉट डिक्सनची गाडी मात्र शर्यत सुरू व्हायच्या आधीच हायब्रिडच्या बिघाडाने थांबली.

या हायब्रिडची रचना वेगळी आहे. बॅटरीऐवजी यात सुपरकपॅसिटर (झटकन भरणारे आणि रिकामे होणारे वीजसाठे) आहेत. व्होल्टेज फक्त ४८. मोटर-जनरेटर आणि ऊर्जा साठवण हे दोन्ही इंजिन आणि गियरबॉक्समधल्या बेलहाउसिंगमध्ये, आधी रिकाम्या असलेल्या जागेत बसवलेले. मोटर-जनरेटर इल्मोरने आणि साठवणीचा भाग होंडाच्या अमेरिकी रेसिंग विभागाने विकसित केला. भाग सगळ्यांना सारखेच. साठवण छोटी असल्यामुळे ती एका फेरीत अनेकदा भरते आणि रिकामी होते. ब्रेक मारताना किंवा पॅडल ओढून भरायची, बटणाने खर्च करायची. त्यातून आणखी सुमारे ६० अश्वशक्ती मिळते आणि ती पुश-टू-पासच्या वर जोडता येते. गाडी वळणात बंद पडली तर चालक तिला स्वतःच सुरू करू शकतो. पूर्वी त्यासाठी पिवळा झेंडा आणि मदतीची गाडी लागे. किंमत म्हणजे वजन. मागच्या चाकांजवळ वाढलेल्या भारामुळे गाडीचा तोल बदलला आणि मागचे टायर लवकर थकू लागले.

तपासणीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की प्रत्येक फेरीत किती ऊर्जा भरायची आणि किती सोडायची, हेही सॉफ्टवेअरच ठरवतं. एक बटण आणि एक परवानगी यांतून ४२ दिवस न सापडलेली चूक निघाली. आता बटणं जास्त झाली आणि अटीही जास्त झाल्या.

एका वर्षाने, तोच संघ

१८ मे २०२५, इंडियानापोलिस ५०० च्या पात्रता फेरीचा दुसरा दिवस. वेगवान बारांच्या फेरीआधीच्या तपासणीत न्यूगार्डन आणि पॉवर यांच्या गाड्यांच्या मागच्या टक्करशोषकात फेरफार आढळला. गियरबॉक्सच्या मागे बसणारा हा भाग मागून धडक बसली की चुरगळून धक्का पचवतो. तो दलाराकडून येतो तसाच बसवायचा असतो. या दोन गाड्यांवर त्याच्या जोडावरची फट भरून पृष्ठभाग गुळगुळीत केलेला होता. साडेतीनशे किलोमीटरहून जास्त वेगाला तिथली हवा जरा सरळ वाहिली तर मिळेल तो फायदा मिलिसेकंदांचा असेल. पण भाग सुरक्षेचा आहे आणि नियमाप्रमाणे त्याला हात लावायचा नाही.

या वेळी फाइल नव्हती, लपलेली ओळ नव्हती. डोळ्यांना दिसणारी फट होती, आणि प्रतिस्पर्धी संघांचे लोक तपासणीच्या रांगेशेजारी उभे राहून बोटं दाखवत होते. जुन्या छायाचित्रांत २०२४ च्या विजेत्या गाडीवरही तसाच गुळगुळीत भाग दिसला. म्हणजे हाही निदान वर्षभर नजरेतून सुटला होता. त्या वर्षीचा निकाल मात्र कायम राहिला.

दोन्ही गाड्या शेवटच्या दोन जागांवर, ३२ व्या आणि ३३ व्या क्रमांकावर गेल्या. दंड प्रत्येकी एक लाख डॉलर, बटणाच्या प्रकरणाच्या चौपट. २१ मे रोजी रॉजर पेन्स्की यांनी सिंड्रिक, रुझेव्हस्की आणि महाव्यवस्थापक कायल मॉयर या तिघांना कामावरून काढलं. २०२४ मध्ये दोन शर्यतींचं निलंबन भोगलेल्या दोघांचाही त्यात समावेश होता.

त्यानंतर इंडीकारने पंचगिरी आणि तांत्रिक तपासणी मालकीपासून वेगळी करायचं जाहीर केलं. ही स्वतंत्र व्यवस्था २०२६ च्या हंगामापासूनची. दरम्यान २०२५ च्या जुलैअखेर फॉक्स कॉर्पोरेशनने मालिकेची मालक कंपनी असलेल्या पेन्स्की एंटरटेनमेंटचा एक-तृतीयांश हिस्सा घेतला. नवी दलारा गाडी २०२८ साठी जाहीर झाली आहे : इंजिन २.४ लिटरचं, हायब्रिड सुधारित, वजन आजच्यापेक्षा कमी. टक्करशोषकाची फट साच्याने मोजता येते. नव्या गाडीच्या लॉगरमधली फाइल दर शर्यतीआधी कोण उघडणार, आणि संदेश मुद्दाम बंद करून कोण पाहणार, हे काम आता त्या नव्या तपासनिसांच्या टेबलावर आहे.